दहा मिंटांची सूट

सांगलीच्या पेठेत, हळदीच्या अडतीसमोर, मालकांच्या मोटारीत मागच्या शिटावर माझी आय मरायला टेकली हुती, आन् मी फुडनं तिला म्हणत हुतो, "गप की गं आता, गेला पोलीस." हे मी आजवर कुणाला धड सांगितलं न्हाई. माझ्या बायकोला, अंजनाला बी निम्मंच ठाव हाय. तुमी इचारलंय म्हणून सांगतोय, तर मधी बोलू नगा. शिव्या द्यायच्या आसतील तर शेवटाला द्या, मी कुटं पळून जात न्हाई.

आदी ती भानगड सुरू कशी झाली ते ऐका.

लढाई चालू हुती तवाची गोष्ट. मी पलटणीत लारी चालवाय शिकलो. पायाला लागलं म्हणून दोन वर्सांत घरी पाठवलं, आन् आमच्या गावात, कुंडलातच लालासाहेबांकडं डायव्हर म्हणून राहिलो. लालासाहेब म्हंजे उसाचं आन् हळदीचं रान आसलेला माणूस. माणूस वाईट न्हवता, पर हौशी. मोटार घेतली ती हौसेनं, आन् हौस आशी की आपण अडतीत गादीवर बसलो तरी मोटार दारात दिसाय पायजे. "कृष्णात, गाडी माझ्या नदरंम्होरनं हलवायची न्हाई बरं का," आसं म्हणायचे आन् धोतराचा सोगा सावरत आत जायाचे. दर बेस्तरवारी सांगलीला हीच तऱ्हा, आत गेले की दोन-दोन तास. अडत्या चहा पाजायचा, पान द्यायचा, गप्पा रंगायच्या. भाईर माझी आग व्हायची.

कारण पेठ केवढी? दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एकीनं मागं सरायचं. त्यात हळदीचा हंगाम, हमाल पोती घिऊन पळतायत, आन् तितंच चार मोटारी हुब्या. सगळा खोळंबा. म्हणून नगरपालिकेनं कोपऱ्यावर पाटी ठोकली. ती पाटी मला तोंडपाठ हाय, मरूस्तवर राहणार. 'या रस्त्यावर मोटार फक्त उतारूंच्या चढण्या-उतरण्यापुरती थांबवावी. आजारी अगर अपंग इसम गाडीत असल्यास दहा मिनिटांची सूट. कसूर करणारास दंड होईल.'

आन् दंड कुणाला? डायव्हरला! मालक गादीवर पान खातोय, त्येला न्हाई. बरं, नुसता दंड आसता तर दातओठ खाऊन भरला आसता. पर दंडासंगं लायसनवर लाल शाईचा शेरा पडायचा. तीन शेरे झाले की लायसन जप्त. माझ्या लायसनवर दोन पडलेले हुते. पैला साताऱ्याला, राजवाड्याच्या चौकात, मालकांनी पेढे घेस्तवर हुबा राहिलो तवाचा. दुसरा हितंच सांगलीत. तिसरा पडला की कृष्णात घरी. पाय आसा, नांगराला उभं राहता येत न्हाई. मोटार सोडली तर मला दुसरं येतंय काय?

तुमी म्हणाल, मग पेठंत फेऱ्या मारायच्या. मारल्या की! दोन बेस्तरवार मारल्या. पेट्रोल कुपनावर मिळायचं त्या दिसात. तिसऱ्या बेस्तरवारी परत येताना तासगावच्या अलीकडं पेट्रोल संपून गाडी बंद पडली आन् लालासाहेब भर उनात पोत्यागत बसून राहिले. त्येंनी मला जे काय झाडलं ते हितं सांगण्यासारखं न्हाई. म्हंजे फेऱ्या मारल्या तर मालक जाळतोय, थांबलो तर पोलीस. दोनी बाजूनं मरण माझंच.

बाकीचे डायव्हर काय काय करायचे. एकजण बॉनेट उघडून आत डोकं घालायचा, गाडी नादुरुस्त म्हणून. ते महिनाभर चाललं. मग पोलीस येऊन म्हणाय लागले, "मार हँडल, बघू." एकजण चाक काढून ठेवायचा. मालक भाईर आला की घाईत चाक बसवता बसवता त्येची त्रेधा. एका बहाद्दरानं काचेला 'डॉक्टर' आशी चिठ्ठी लावली, आन् पोलीसच म्हणला, "बरं झालं, माझ्या घशाला बघा जरा."

आता ह्यो पोलीस कोण, ते सांगतो. आकाराम त्येचं नाव. नुसता शिपाई, पर मी त्येला जमादार म्हणायचो, जरा मऊ पडावा म्हणून. काटकुळा माणूस, आवाज कवा चढवायचा न्हाई. मला तर शिव्या देणारा पोलीस परवडला. ह्यो गप येणार, खिडकीला हात टेकणार आन् म्हणणार, "मग? किती वेळ झाला?" बास. एवढ्यानं माझा हात खिशातल्या लायसनावर जायाचा.

दसरा झाला आन् एका बेस्तरवारी आय म्हणाली, "मला बी ने की रं सांगलीला. गणपतीचं दर्शन घीन, मोटारीत बसंन." आयचं नाव बनुबाई. बारकी, सावळी, आन् लय नकली. गावातल्या कुणाचीबी नक्कल करावी तर तिनं. मामलेदाराची चाल, सोनाराचा खोकला, अंजनाची आय कशी नाक वर करून बोलती, सगळं. बायका हसून लोळायच्या. तिला मागं बसवलं, मालक फुडं माझ्या शेजारी. मालकांची बी काय हरकत न्हवती.

पेठंत मालक उतरले. मी आता कुटं जावं ह्या इचारात, तवर आकाराम आलाच. खिडकीला हात.

"मग? किती वेळ झाला?"

माझ्या तोंडातनं कसं निघालं देव जाणे. म्हणालो, "जमादार, मागं आजारी माणूस हाय. पाटीवर दहा मिंटं लिवल्यात."

त्येनं मागं बघितलं. आन् आयनं, कुणी शिकवलं न्हाई का पढवलं न्हाई, डोळं मिटलं, पदर तोंडाला लावला आन् आसं कण्हली की माझ्याच अंगावर काटा आला. "आगं आयायाया... जीव चाल्ला रं माझा..." आकाराम एक पाऊल मागं सरला. "बरं बरं, दहा मिंटं," म्हणला आन् गेला. तो कोपऱ्यावरनं वळला, आन् मागनं हूं हूं हूं आवाज. बगतो तर आय पदरात तोंड खुपसून हसतीया. डोळ्याला पाणी.

"जमलं न्हवं रं किस्ना?"

"जमलं काय आये, झकास!"

तवापासनं सुरू झालं. मालकांना सांगितलं, तर त्येंना बी हसू आवरंना. म्हणाले, "आण की दर खेपंला. जागा तर मोकळीच हाय." दर बेस्तरवारी आय सकाळी लवकर भाकरी थापायची, नवं लुगडं नेसायची, आन् गाडीत चढताना मातूर तोंड आजाऱ्याचं करायची. दहा मिंटं झाली की मी गाडी कोपऱ्यापातूर न्यायची, वळवून परत आणायची, की परत दहा मिंटं. आकाराम आला की कण्हायचं, गेला की भडंग खायचं. खोटं कशाला बोलू, मला ते दीस लय बरं वाटायचं. आय खूश, मालक खूश, लायसन खिशात.

आन् आता त्या दिसाचं.

शिमगा हून आठ दीस झालं आसतील. सकाळी अंजना गाडीपाशी आली, हळू म्हणाली, "आत्याबाईंनी कालपासनं भाकरी खाल्ली न्हाई. आज नगा नेऊ." मला घाई. मालक दारात हुबं, हळदीचा सौदा निघायचा हुता. मी खेकसलो, "तिचं तिला कळतंय. न्हाई म्हणाली आसती की ती." आय तर आदीच मागं चढून बसलेली. मी इचारलं सुदीक न्हाई. हे लक्षात ठेवा तुमी, मी इचारलं सुदीक न्हाई.

तासगाव यायच्या आदीच मागनं कण्हणं सुरू. रस्त्याला पोलीस न्हाई, माणूस न्हाई, नुसती बाभळीची झाडं. मालक हसले. म्हणाले, "कृष्णात, आज तालीम जोरात हाय." मी आरशातनं म्हणालो, "आये, आजून सांगली लय लांब हाय. आत्तापासनं कशाला?"

"आसू दे रं," आय म्हणाली, "सवय ऱ्हाती."

खड्डा आला की तिचा आवाज यायचा. मला जरा रागच आला. कुठल्याबी गोष्टीला माप आसतं का न्हाई? बुधगाव गेलं, माधवनगर गेलं, तरी आपलं चालूच. मालक हाय गाडीत म्हणून मी गप बसलो.

पेठंत आलो. मालक उतरले, आत गेले. त्या दिवशी गर्दी म्हंजे काय इचारू नगा. माझ्या मागं हळदीच्या गाड्या, फुडं टांगा, हमाल शिव्या घालतायत. आन् माझ्या जिवाला आदीच घोर, कारण मागल्या खेपंला आकाराम जाता जाता म्हणला हुता, "ह्या बाईचं दर बेस्तरवारीच कसं रं दुखतंय?" वर दुसऱ्या एका डायव्हरनं कानावर घातलं, की वरनं हुकूम आलाय. पेशंट म्हणून गाडी उभी केली आन् संशय आला, तर पोलिसानं संगं जाऊन पेशंट थोरल्या दवाखान्यात दाखवायचा. सोंग निघालं तर शेऱ्यावर भागणार न्हाई, फसवणुकीचा खटला. रात्रभर माझ्या डोक्यात तेच.

आकाराम दिसला. गर्दीतनं सरळ माझ्याकडंच येत हुता. मी आरशात बघून म्हणालो, "आये, आला. पर आज बेतानं कर, जास्ती नगो."

आय कण्हली. बेतानं न्हाई. आत कायतरी फाटावं तसा आवाज, मोठा न्हाई, बारका. मी मनात म्हणालो, शाब्बास.

आकारामनं मागच्या खिडकीतनं बघितलं. बघतच ऱ्हायला. मग रस्त्याच्या दुसऱ्या कडंला कुणी हाक मारली म्हणून वळून दोन पावलं गेला. आय कण्हतच हुती. तवा मी म्हणालो ते, मगाशी सांगितलं ते.

"गप की गं आता, गेला पोलीस."

ती गप झाली. म्हंजे व्हट चावून गप झाली. आरशात मला तिचं कपाळ तेवढं दिसत हुतं. त्यावर घाम. मी मनात म्हणालो, ऊन हाय.

आकाराम गेला न्हवता. तो परत आला, फुडचं दार उघडलं आन् माझ्या शेजारी, मालकांच्या जागंवर बसला.

"चल," म्हणला, "थोरल्या दवाखान्यात घे."

"आता? जमादार, मालक आत हायत. गाडी दारात पायजे त्येंना."

"मालक ऱ्हाऊ देत. घे गाडी."

झालं! मनात म्हणालो, गावला कृष्णात. हुकूम आलाय तो खराच. दवाखान्यात डॉक्टर पोट दाबणार, म्हातारी ठणठणीत हाय म्हणणार, आन् मी तिथनं सरळ चौकीत. मी उतरून फुडनं हँडल मारलं. गाडी लगीच सुरू झाली, एरवी चार वेळा मारावं लागायचं. कोपऱ्यापातूर गेलो. माझं डोकं नुसतं भणभणत हुतं. डावीकडं वळलं की दवाखाना. उजवीकडं वळलं की माधवनगरचा रस्ता, गाव, घर. मला वाटलं, पळावं. पर पोलीस शेजारी बसलाय, पळून जाणार कुटं? मग मी गाडी मधीच थांबवली. चौकात, अगदी मधोमध, जितं कुणीच थांबवत न्हाई तितं. मागनं टांगेवाला बोंबलाय लागला.

"जमादार," मी म्हणालो, आन् खिशातनं लायसन काढून त्येच्या म्होरं धरलं, "खरं सांगतो. सोंग हाय. म्हातारीला काय झालं न्हाई. शेरा मारा, दंड करा, पर दवाखाना नगो. माझी लेकरं हायत."

आकारामनं लायसनाकडं बघितलं सुदीक न्हाई. त्यो शिटावर वळून मागं बघत हुता. "सोंग?" म्हणला. "आरं, सोंगाला एवढा घाम येतोय व्हय?"

"ती लय नकली हाय, तुमास्नी ठाव न्हाई..." मी वळलो. वळलो ते बी रागानंच. "आये, बास झालं. उठ. ह्यास्नी सांग सोंग हाय म्हणून."

आन् माझी आय उठली. आवं, उठली ती! एका हातानं शिट धरलं, दुसरा हात पोटाशी, आन् सरळ बसली. तोंड पांढरंफटक. व्हटातनं रगत आलेलं, चावलेलं म्हणून. आकारामकडं बघून हसली. गोड हसली.

"व्हय वो दादा," म्हणाली. "सोंगच हाय. पोराला काय करू नगा."

आन् कलंडली. शिटावरनं खाली, दोन शिटांच्या मधल्या जागंत. डोकं दाराला आपटलं.

तिथनं फुडचं मला सरळ आठवत न्हाई. आकारामनं एक थोबाडीत दिली मला, तेवढं आठवतंय. पोलिसानं पैल्यांदाच आवाज चढवला. "गाडी हाण, गाढवा!" म्हणला आन् सोता उडी मारून खाली उतरला. मला वाटलं, हा चालला कुटं? तर तो गाडीच्या फुडं पळत हुता. काठी आपटत, शिट्टी वाजवत. हळदीच्या गाड्या, टांगे, हमाल, सगळ्यांस्नी कडंला ढकलत. बैलांच्या शिंगाला धरून गाडी वळवली त्येनं एके ठिकाणी. मी मागं मागं, हॉर्नवरचा हात काढला न्हाई. मागनं आवाज येत न्हवता. सकाळपासनं नको नको झालेला तो आवाज, आन् आता मी म्हणत हुतो, आये, एकदा कण्ह. एकदा तरी कण्ह गं. घशातनं मोठ्यानं म्हणत हुतो, लोक बघत हुते. एक आवाज न्हाई.

दवाखान्याच्या पायरीपाशी गाडी नेली. पायरीवर चढवलीच म्हणा की. आकारामनं आन् मी उचललं तिला. इतकी हलकी. मला वाटलं त्याच्या निम्मं बी वजन न्हवतं.

आत नेली. दार लागलं. आमी दोघं व्हरांड्यात. आकारामचा धाप लागून जीव वर आलेला, खांबाला टेकून खाली बसला. मी समोर हुबा. काय करावं कळंना, म्हणून लायसन परत काढलं.

"मारा शेरा."

त्येनं टोपी काढली, घाम पुसला. "कशाचा शेरा? पाटीवर लिवलंय न्हवं, आजारी माणूस आसलं तर सूट. गाडीत आजारी माणूस हुतं. दहा मिंटाच्या आत गाडी हालली." आन् मग थोडा थांबून म्हणला, "सोंग मला पैल्या दिवशीच कळलं हुतं, गड्या. पदरात हसायची ती, खांदं हालायचं तिचं. म्हातारीला हौस हाय, मोटारीत बसू दे, म्हणून मी सोडायचो. मला वाटलं, तुला कळत आसंल कवा सोंग आन् कवा खरं. तुझी आय हाय ती."

मी लायसन खिशात घातलं. जमीन दुभंगली आसती तर आत गेलो आसतो.

दुपारी लालासाहेब टांगा करून आले. आले ते तोंडाचा पट्टा सुरू करतच आले. गाडी न सांगता नेलीस म्हणून. व्हरांड्यात मला बघितलं, दाराकडं बघितलं. माझ्या शेजारी बाकावर बसले. पान खाल्लं न्हाई त्येंनी त्या दिवशी.

तिच्या पोटात गाठ हुती. नारळाएवढी, डॉक्टर म्हणाले. तिला पीळ पडलेला. त्येंनी फाडून काढली. दोन दीस काय खरं न्हवतं. मी व्हरांड्यातच ऱ्हायलो. अंजना आली, तिनं मला एक शबूद इचारला न्हाई, आन् ते मला थोबाडीतपेक्षा जास्ती लागलं. तिसऱ्या दिवशी आयनं पाणी मागितलं. चौथ्या दिवशी शेजारच्या खाटंवरच्या बाईची नक्कल करून नर्सला हसवलं. वाचली. खरंच वाचली हो.

पाचव्या दिवशी डॉक्टर कागद घिऊन खाटंपाशी आले. तरणा माणूस, शहरातला. मला म्हणाले, "ही गाठ काही आठ-पंधरा दिवसांतली नाही. किती दिवसांपासून दुखत होतं यांना? लिहायचंय मला."

किती दिसांपासनं?

काय सांगू? मागल्या बेस्तरवारी ती कण्हली हुती. त्येच्या मागल्या बेस्तरवारी बी. त्येच्या बी मागल्या. ह्यातली खरी कुठली? पुसाच्या महिन्यात एक दिवस ती इतकं कण्हली हुती की आकाराम सोता पाण्याचा तांब्या घिऊन आला. परत येताना मी तासगावात गाडी थांबवून तिला जिलबी घेतली हुती, बक्षीस म्हणून. तिनं हातात धरली पर खाल्ली न्हाई. "अंजनाला देऊ," म्हणाली. मी म्हणालो, तुझी मर्जी. तो दिवस का? का त्येच्या आदीचा? आरशातनं मला तिचं कपाळ दिसायचं. मी मागं वळून कवा बघितलंच न्हवतं. डॉक्टर पेन घिऊन हुबे, आन् मला, पोटच्या पोराला, सांगता येईना.

"मी सांगते की," आयच म्हणाली. तिला कुणी इचारलं याचाच तिला आनंद. "दिवाळीपासनं लिवा. दिवाळी झाली आन् लगीच दुखाय लागलं."

"दिवाळीपासून?" डॉक्टर म्हणाले. "आजी, चार-पाच महिने झाले. सांगितलं का नाही कुणाला?"

"सांगून काय, आवं? उलट बरंच झालं." आयनं माझ्याकडं बघितलं, आन् डॉक्टरला जरा जवळ बोलावलं. "ह्येच्या लायसनासाठी मला कण्हाय लागायचं न्हवं. आदी लय अवघड जायाचं. मला मेलं हसूच यायचं, पदर तोंडात कोंबायची मी. पोलिसाला कळंल म्हणून भ्या वाटायचं. पर खरं दुखाय लागलं, आन् मग सोंग करायचं कामच ऱ्हायलं न्हाई. नुसतं त्वांड उघडलं की झालं."

डॉक्टरनी कागदावर काय लिवलं मला दिसलं न्हाई. मी खाटंच्या दांडीवर कपाळ टेकलं हुतं. दांडी थंडगार. रडं आवरंना. एवढा पलटणीत जाऊन आलेला माणूस, त्या बायकांच्या वार्डात हमसून हमसून रडलो.

आयचा हात डोक्यावर आला. सलाईनची सुई टोचून काळानिळा पडलेला हात.

"रडू नगंस रं किस्ना," ती म्हणाली. तिला वाटलं, मी लायसनाच्या काळजीनं रडतोय. "ह्या बेस्तरवारी न्हाई जमायचं, पर त्येच्या फुडच्या बेस्तरवारी मला घे गाडीत. आता भ्यायचं काय कारण न्हाई. पोटाला ह्ये एवढे टाके हायत. पोलीस आला तर दाखवता येतील."